नऊ दिवसांच्या राणीचा यजमान

लंडनच्या टॉवर या प्राचीन राजदुर्गात बीचम नावाचा एक बुरूज असून, त्याच्या भिंतींवर निरनिराळ्या राजवटींतील राजबंद्यांनी कोरून ठेवलेली नावे, वचने व चिन्हे आजही पाहावयास मिळतात. कारण त्या जागी वेळेखेरीज दुसरी कोणतीच चीज मुबलक मिळत नसे. त्यांतील एका शिल्पात डडली घराण्याची अस्वल, सिंह व खडबडीत सोटा ही चिन्हे दाखविली असून सभोवार चार जातींची पानेफुले गुंफलेली आहेत. गुलाब हा अँब्रोजचा, ओकची फांदी रॉबर्टची, हनीसकलची वेल हेन्रीची आणि गिलीफ्लॉवर, म्हणजे कार्नेशनच्या जातीचे फूल, गिल्फर्डचे, असा त्याचा उलगडा जाणकार करतात. शिल्प थोरला भाऊ जॉन याचे. आणि ज्या चार धाकट्या भावांची फुले त्याने दगडात गुंफली ते चौघेही त्या वेळी त्याच राजदुर्गात कैदेत होते. पाचांपैकी एकाचेच मस्तक पुढे कुऱ्हाडीखाली गेले. तो गिल्फर्ड होय.

हा गिल्फर्ड डडली म्हणजे लेडी जेन ग्रे हिचा पती. इ. स. १५५३ च्या जुलै महिन्यात नऊ दिवसांपुरता इंग्लंडचा राज्यकारभार जिच्या नावाने चालला, त्या जेनविषयी ग्रंथ, नाटके व चित्रे यांचा सुकाळ आहे. पण तिच्या यजमानाची हकीकत बहुधा दोनचार वाक्यांत, आणि तीही तुच्छतेने, उरकली जाते. आईच्या पदराआड दडणारा, मुकुटासाठी हट्ट धरून बसणारा रडका पोरगा, हे त्याचे रूढ चित्र आहे. हे रंग कोणाच्या हातचे, याची विचारपूस करण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. उंच, सशक्त, फिकट केसांचा, पांढऱ्या व सोनेरी पोषाखात पत्नीच्या शेजारून अदबीने चालणारा तरुण असे जे त्याचे वर्णन पुस्तकामागून पुस्तकात उतरवून घेतले गेले, ते १९०९ साली रिचर्ड डेव्ही या ग्रंथकाराने छापलेल्या एका पत्रातले आहे. हे पत्र स्पिनोला नामक जिनोआच्या व्यापाऱ्याने प्रत्यक्ष पाहून लिहिले, असे डेव्हीचे म्हणणे. परंतु मूळ पत्र आजतागायत कोणाच्याही दृष्टीस पडलेले नाही, आणि अलीकडील संशोधकांनी ते बनावट ठरविले आहे. एखाद्या माणसाच्या नाकाडोळ्यांबद्दलही जेथे असा घोटाळा, तेथे त्याच्या स्वभावाबद्दलचे निर्णय किती जपून स्वीकारावेत, हे सांगणे न लगे.

डडली घराणे जुन्या खानदानी सरदारांच्या दृष्टीने उपरेच होते. गिल्फर्डचा आजोबा एडमंड डडली हा सातव्या हेन्रीचा वसुली कारभारी; त्याने लहानथोरांच्या मानेवर पाय देऊन धन्याचा खजिना भरला, आणि आठवा हेन्री गादीवर येताच लोकांचा रोष शमविण्यासाठी १५१० साली त्याचा शिरच्छेद करण्यात आला. पोरका झालेला त्याचा मुलगा जॉन हा सर एडवर्ड गिल्फर्ड याच्या घरी वाढला आणि पुढे त्याचीच मुलगी जेन हिच्याशी विवाहबद्ध झाला. या जोडप्याला तेरा अपत्ये झाली. त्यांतील एका मुलाला आजोळचे आडनाव हेच पाळण्यातले नाव म्हणून लाभले. जॉन डडली आरमाराचा अधिपती झाला, १५४९ सालचे नॉरफोकमधील शेतकऱ्यांचे बंड त्याने मोडून काढले, अल्पवयीन राजा सहावा एडवर्ड याचा पालक सॉमरसेट याला कारभारावरून दूर केले, १५५१ साली नॉर्थंबरलंडचा ड्यूक हा किताब मिळविला आणि राज्याची सर्व सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. अशा बापाच्या धाकट्या मुलांनी करावयाचे काम एकच असे, ते म्हणजे बाप सांगेल तेथे बोहल्यावर उभे राहणे.

गिल्फर्डसाठी पाहिलेली पहिली मुलगी जेन नव्हतीच. १५५२ मध्ये नॉर्थंबरलंडने कंबरलंडच्या अर्लची कन्या मार्गारेट क्लिफर्ड हिला मागणी घातली होती. मार्गारेटची आई आठव्या हेन्रीची भाची, तेव्हा राजरक्ताशी सोयरीक जुळविण्याचा हेतू उघडच होता. या विवाहासाठी खुद्द बालराजाने शब्द टाकला. परंतु मुलीच्या बापाने होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही, आणि टोलवाटोलवी करीत प्रकरण थंड होऊ दिले. त्यानंतर नॉर्थंबरलंडची दृष्टी सफकचा ड्यूक हेन्री ग्रे याच्या थोरल्या मुलीकडे वळली. जेनची आजी ही आठव्या हेन्रीची धाकटी बहीण. आणि हेन्रीच्या मृत्युपत्रान्वये त्याची अपत्ये एडवर्ड, मेरी व एलिझाबेथ यांच्या मागे वारसा याच शाखेकडे जावयाचा होता.

१५५३ च्या मे महिन्यात स्ट्रँड रस्त्यावरील डरहॅम हाऊस या वाड्यात एकाच दिवशी तीन लग्ने लागली. गिल्फर्डचे जेनशी, जेनची बहीण कॅथरिन हिचे पेंब्रोकच्या अर्लच्या मुलाशी, आणि गिल्फर्डची बहीण कॅथरिन हिचे हंटिंग्डनच्या अर्लच्या मुलाशी. वर सतराअठरा वर्षांचा, वधू सोळा वर्षांची. राजा क्षयाने अंथरुणाला खिळला असल्याने येऊ शकला नाही. पण त्याच्या वस्त्रागारातून वधूवरांसाठी जरतारी व मखमली कापडांचा आहेर आला, आणि त्यातील माल देहान्त शिक्षा झालेल्या सॉमरसेटच्या जप्त मालमत्तेपैकी होता. एका पदच्युत कारभाऱ्याच्या मखमलीत नव्या कारभाऱ्याच्या मुलाचे लग्न लागले, यात कोणाला अपशकुन वाटल्याची नोंद नाही. सामने झाले, मुखवट्यांचे खेळ झाले, मेजवान्या झाल्या. त्या सुमारासच स्वयंपाक्याने एका पाल्याऐवजी भलताच पाला खुडून कोशिंबिरीत घातला, आणि ती खाऊन गिल्फर्ड व इतर काही मंडळी चांगलीच आजारी पडली, अशी बातमी बादशहा पाचव्या चार्ल्सच्या वकिलाने आपल्या खलित्यात धाडली. मोठमोठ्या मसलतींच्या खबरांमध्ये ही कोशिंबिरीची खबर वाचताना त्या घरात माणसे राहत होती याची एकदम आठवण होते.

मुकुटावर डोळा ठेवूनच नॉर्थंबरलंडने हे लग्न जुळविले काय, हा प्रश्न इतिहासकारांत वादग्रस्त आहे. एडवर्डने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वारसाविषयक मसुद्यात प्रथम जेनच्या भावी पुत्रांना गादी दिली होती, जेनला नव्हे. पुढे आपण पुत्र जन्मण्याइतकेही दिवस काढत नाही हे त्या पंधरा वर्षांच्या मुलाला कळून चुकल्यावर त्याने ओळीवर दोन लहानसे शब्द वाढविले, आणि जेनच्या पुत्रांची गादी जेनला व तिच्या पुत्रांना मिळाली. मला वाटते, मे महिन्यातील लग्न हे महत्त्वाकांक्षी बापाने केलेले नेहमीच्या धाटणीचे लग्न होते. जून महिन्यात मात्र राजाच्या ढासळत्या प्रकृतीने त्याचे रूपांतर राज्यक्रांतीत केले. पार्लमेंटचा कायदा डावलून असा दस्तऐवज करणे हा राजद्रोह होईल, असे मुख्य न्यायाधीश माँटेग्यू याने बजावून पाहिले; पण राजाने डोळे वटारताच तोही नमला. २१ जूनच्या त्या दस्तऐवजावर शंभराहून अधिक मातबरांच्या सह्या आहेत. त्यांपैकी अनेकांनी पुढे आपण सही केली ती नाइलाजाने, असे सांगितले.

६ जुलै रोजी ग्रीनिच येथे एडवर्ड वारला. चेल्सी येथे आजारातून उठत असलेल्या जेनला आणावयास तिची नणंद मेरी सिडनी होडीने गेली आणि ९ तारखेस तिला सायन हाऊसला घेऊन आली. तेथे बड्या बड्या सरदारांनी गुडघे टेकून तिला राणी म्हणून संबोधिले, तेव्हा ती रडत जमिनीवर पडली. दुसऱ्या दिवशी टेम्स नदीतून नौका निघाल्या आणि दुपारी टॉवरच्या धक्क्याला लागल्या. त्याच दिवशी शहरात द्वाही फिरली. परंतु लोकांनी जयघोष केला नाही. मेरीचाच हक्क खरा असे उघड बोलल्याबद्दल गिल्बर्ट पॉटर नावाच्या दारूच्या गुत्त्यातील पोऱ्याचे कान कापण्यात आले. ज्या राजवटीला सुरुवातीलाच गुत्त्यातल्या पोराचे कान कापावे लागतात, तिचे भवितव्य काय हे सांगावयास ज्योतिषी नको.

आणि येथेच गिल्फर्डच्या आयुष्यातील तो कुप्रसिद्ध प्रसंग येतो. खजिनदार विंचेस्टर हा जवाहिरखान्यातून मुकुट घेऊन जेनकडे आला आणि तो मस्तकावर कसा बसतो ते पाहावे अशी विनंती करू लागला. जेनने आढेवेढे घेतले. त्यावर, निर्धास्त घ्यावा, यजमानांसाठीही दुसरा असाच करवून घेता येईल, असे तो म्हाताऱ्या मुत्सद्द्याच्या सहज गोडव्याने बोलून गेला. जेनच्या मनात ते शल्यासारखे रुतले. खजिनदार गेल्यानंतर नवराबायकोचे बोलणे झाले, आणि आपण राजा व्हावयाचे तर ते पार्लमेंटच्या कायद्याने व जेनच्याच हातून, हे गिल्फर्डने कबूल केले. तथापि मागाहून जेनने अरुंडेल व पेंब्रोक या अर्लांना बोलावून सांगितले की, नवऱ्याला ड्यूक करण्यास आपण राजी आहो, पण राजा कदापि करणार नाही. हे ऐकून सासूबाई संतापल्या. मुलाने अशा बायकोशी शय्यासंबंध ठेवू नये असे त्यांनी फर्मावले, मुलानेही आपल्याला ड्यूकपद नको, राजपद हवे, असे ऐकविले, आणि मायलेकरे सायनला परत निघाली. तेव्हा जेनने त्याच दोघा अर्लांकरवी नवऱ्याला अडवून धरले. राणीचा नवरा रागावून माहेरी, किंवा त्याच्या बाबतीत जे काही म्हणावयाचे तिकडे, निघून गेला असता तर राज्याची शोभा झाली असती, एवढे सोळाव्या वर्षीही तिला उमगत होते.

हा सारा वृत्तान्त आला कोठून? जेनने पदच्युत झाल्यावर मेरी राणीला लिहिलेल्या पत्रातून. आणि तेही मूळ इंग्रजीत न राहता इटालियन लेखकांच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत पोचलेले. ते पत्र म्हणजे जिवावर बेतलेले असताना केलेली कैफियत आहे. आपण मुकुट मागितला नाही, आपल्यावर तो लादला गेला, नवऱ्याने व सासूने आपला छळ केला, इतकेच नव्हे तर आपल्यावर विषप्रयोगही झाला, हे त्या कैफियतीचे सार. कैफियतीत कोणी स्वतःविरुद्ध जबानी देत नसतो. जेन खोटे बोलली असे मी म्हणत नाही. परंतु त्याच पत्रात, तिच्याच शब्दांत, गिल्फर्डने प्रथम पार्लमेंटची अट मान्य केल्याचे नमूद आहे, आणि त्याला हट्टी पोर ठरविणारे लेखक नेमके ते वाक्य गाळून पुढे जातात.

शिवाय त्याची मागणी त्या काळाच्या कायद्याला धरून चमत्कारिक मुळीच नव्हती. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे लग्न होताच स्त्रीच्या मिळकतीचा कारभार नवऱ्याकडे जाई. वारसदार मुलीशी लग्न करून तिच्या घराण्याचा किताब धारण करणारे सरदार तर पुष्कळ झाले. राजे घडविणारा म्हणून गाजलेला वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल हा त्या किताबाचा धनी झाला तो बायकोच्याच हक्काने. मग बायकोला अर्लपद मिळाले असता नवरा अर्ल होतो, तर बायकोला राज्य मिळाले असता तो राजा का होऊ नये? सत्ताधारी राणी त्या देशाने तोवर निर्वेध पाहिलीच नव्हती. बाराव्या शतकातील मटिल्डाला राज्याभिषेक लाभला नाही. त्यामुळे या प्रश्नाला दप्तरात पूर्वदाखला नव्हता. परदेशी वकिलांनी तर उत्तर गृहीतच धरले. बादशाही वकिलांच्या खलित्यांत गिल्फर्डचा उल्लेख नवा राजा असा येतो, आणि तो सरकारी थाटाने एकटाच जेवावयास बसतो असेही ते कळवितात. तिकडे ब्रुसेल्समध्ये, गिल्फर्डचा धर्मपिता असलेल्या दिएगो दे मेंदोसा या स्पॅनिश मुत्सद्द्याने इंग्रज वकिलांची गाठ घेऊन नव्या राजाबद्दल त्यांचे अभिनंदन केले.

ते अभिनंदन लंडनला कळेपर्यंत राज्य संपत आले होते. मेरीने सफक परगण्यात फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्यात ठाण मांडले, तिच्या निशाणाखाली माणसे लोटू लागली, तिला अडविण्यास पाठविलेल्या गलबतांवरील खलाशी उलटले. नॉर्थंबरलंड फौज घेऊन १४ जुलै रोजी राजधानीबाहेर पडला, आणि त्याची पाठ वळताच मंत्रिमंडळातील मंडळींची मने मोकळी झाली. १९ तारखेच्या सायंकाळी चीपसाइड येथे त्यांनी मेरीची द्वाही फिरविली. घंटा, होळ्या, हवेत उडालेल्या टोप्या, असा उत्सव लंडनने पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

त्याच दिवशी टॉवरजवळच्या चर्चमध्ये एक बारसे होते. एडवर्ड अंडरहिल या राजसेवकाला मुलगा झाला होता. त्याची धर्ममाता होण्याचे जेनने कबूल केले होते आणि राणीच्या यजमानांवरून मुलाचे नाव गिल्फर्ड ठेवावयाचे ठरले होते. जेनची प्रतिनिधी म्हणून लेडी थ्रॉकमॉर्टन गेली. बारसे यथासांग झाले. ती परत टॉवरमध्ये आली तो सिंहासनावरचे छत उतरलेले, आणि सारा मामला फिरलेला. ज्याच्या नावाचे मूल काही तासांपूर्वी राजकृपेचे लेणे ठरले असते, त्याच्या नावाचा उच्चारही आता धोक्याचा झाला होता.

नवराबायको राहिली होती त्याच तटांच्या आत, फक्त पाहुण्यांचे आता कैदी झाले. जेन ही पार्ट्रिज नामक तुरुंगाधिकाऱ्याच्या घरी, गिल्फर्ड भावांसह बुरुजात. नॉर्थंबरलंडची पत्नी सुटताच मेरीच्या पायांवर लोळण घ्यावयास धावली. तिला वाटेतूनच परत फिरविण्यात आले. २२ ऑगस्ट रोजी नॉर्थंबरलंडचा शिरच्छेद झाला, आणि आदल्याच दिवशी त्याने कॅथलिक पंथाचा प्रसाद घेऊन जन्मभराच्या प्रॉटेस्टंट मताचा जाहीर त्याग केला. जेनने याबद्दल मृत सासऱ्याला जेवणाच्या टेबलावर उघड धिक्कारले. गिल्फर्ड काय बोलला ते कोणी टिपून ठेवले नाही.

१३ नोव्हेंबर रोजी त्यांना गिल्डहॉलकडे पायी नेण्यात आले. पुढे कुऱ्हाड धरलेला शिपाई, मागे आर्चबिशप क्रॅन्मर, गिल्फर्ड, काळ्या वेषात हाती पुस्तक घेतलेली जेन, आणि अँब्रोज व हेन्री हे दीर. जेनला राणी म्हणून मान्यता देऊन तिची द्वाही फिरविणे व बापाच्या मदतीस फौज पाठविणे हा गिल्फर्डवरील आरोप. त्याने तो कबूल केला, आणि राजद्रोह्याला योग्य ती हालहाल करून मारण्याची शिक्षा ऐकून परतला. पण ती अमलात आणण्याचा मेरीचा विचार नव्हता. डिसेंबरात जेनला बागेत फिरण्याची आणि गिल्फर्ड व रॉबर्टला गच्चीवर हिंडण्याची मुभा मिळाली, यावरून वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते दिसते.

त्याच्या हातच्या म्हणून निश्चित सांगता येतील अशा ओळी जेनच्या एका चिमुकल्या प्रार्थनापुस्तकाच्या समासात आहेत. ते पुस्तक ब्रिटिश लायब्ररीत आहे. सासऱ्याला उद्देशून लिहिलेल्या त्या मजकुरात जावई त्याला दीर्घायुष्य चिंतितो, आपण स्वतःसाठी इच्छिले असते तेवढे सुख त्याला या लोकी लाभो आणि परलोकी अखंड आनंद लाभो असे म्हणतो, आणि मरेपर्यंत तुमचा नम्र पुत्र अशी सही करतो. नमुनेदार, शिष्ट, घोटीव वाक्ये. तथापि त्यांत तक्रारीचा सूर नाही. आणि तक्रार करावयास जागा होती, कारण त्याच सासऱ्याच्या करणीने जावयाचे मरण ओढवले.

ते असे झाले. मेरीने स्पेनचा युवराज फिलिप याच्याशी लग्न करण्याचे ठरविले, आणि परका पुरुष राणीचा नवरा म्हणून आपल्यावर राज्य करणार या भयाने जानेवारी १५५४ मध्ये केंट परगण्यात सर टॉमस वायट याने बंड उभारले. मेरीच्या क्षमेने मोकळा झालेला जेनचा बाप सफक त्यात सामील झाला. ७ फेब्रुवारीला वायट लंडनच्या वेशीपर्यंत येऊन पकडला गेला, आणि मग जेन व गिल्फर्ड जिवंत ठेवणे हे पुढच्या बंडाला निमित्त ठेवणे होय, या सल्ल्यापुढे मेरीची दया टिकली नाही.

१२ फेब्रुवारी हा दिवस मुक्रर झाला. आदल्या दिवशी गिल्फर्डने पत्नीची अखेरची भेट मागितली. मेरीने हरकत घेतली नाही; जेननेच नकार दिला. आता भेटून दोघांचेही दुःख वाढेल, थोड्याच वेळात आपण अधिक चांगल्या जागी भेटणार आहो, असा निरोप तिने धाडला, असे समकालीन इटालियन वृत्तान्त सांगतात. ज्याने रागाने तिची शय्या सोडल्याचे आपण तिच्याच पत्रात वाचतो, त्याचीच ही भेटीची मागणी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. सतराअठरा वर्षांच्या नवऱ्याकडून आणखी सुसंगत वर्तनाची अपेक्षा करणारे इतिहासकार स्वतः त्या वयात कसे होते कोण जाणे.

सकाळी दहाच्या सुमारास त्याला बाहेर आणले. राजदुर्गाच्या दाराशी सर अँथनी ब्राउन आदी काही गृहस्थ उभे होते. त्याने त्यांचे हात हाती घेतले आणि आपल्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनविले. तटाबाहेर शेरीफ टॉमस ऑफ्ली याने त्याला ताब्यात घेऊन टॉवर हिलवर नेले. बरोबर धर्मगुरू नव्हता. बापासारखा पंथ बदलून प्राण वाचविण्याचा उद्योग त्याने केला नाही, एवढे अनुमान त्यावरून काढण्यास हरकत नाही. लांबलचक भाषण न करता त्याने गुडघे टेकले, अनेकवार डोळे व हात आकाशाकडे उचलून प्रार्थना केली, आणि ठोकळ्यावर मान ठेवली. एका घावात काम झाले. पूर्वी कधी त्याला न पाहिलेल्या माणसांनीही त्या दिवशी अश्रू ढाळले, असे ग्राफ्टन हा बखरकार लिहून ठेवतो. कलेवर गाडीत टाकून, शिर कापडात गुंडाळून, आतल्या सेंट पीटरच्या प्रार्थनामंदिराकडे नेले. वाटेत ती गाडी पार्ट्रिजच्या घराच्या खिडकीखालून गेली, आणि खिडकीत जेन होती. थोड्या वेळाने तटाच्या आतल्या हिरवळीवर तिचीही पाळी आली.

सफकचे मस्तक अकरा दिवसांनी उडाले. बाकीचे भाऊ वर्षअखेरपर्यंत सुटले. शिल्प कोरणारा जॉन मात्र सुटून बाहेर येताच काही दिवसांत वारला. मुलांसाठी दरबाराचे उंबरे झिजवीत फिरलेली त्यांची आई १५५५ च्या जानेवारीत निवर्तली. मधल्या काळात, म्हणजे २५ जुलै १५५४ रोजी, विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये मेरीचे फिलिपशी लग्न लागले. पार्लमेंटने नाना अटी घालून का होईना पण करार मंजूर केला होता, आणि त्यान्वये राणीचा नवरा इंग्लंडचा राजा म्हणवून घेऊ लागला. शिलिंगच्या नाण्यांवर दोघांची मुखे समोरासमोर छापली गेली. जे मागितल्याबद्दल गिल्फर्ड चारशे वर्षे हास्यास्पद ठरला आहे, ते त्याच्या मृत्यूनंतर साडेपाच महिन्यांच्या आत कायद्याने दुसऱ्याला मिळाले होते. मुकुट मात्र इंग्लंडने फिलिपच्या डोक्यावरही कधी ठेवला नाही.

गिल्फर्डबरोबर गच्चीवर फिरणारा रॉबर्ट हा पुढे एलिझाबेथचा सर्वांत लाडका सरदार झाला. ती त्याच्याशी लग्न करणार अशी आवई युरोपातील दरबारांत वर्षानुवर्षे उठत राहिली. तिने त्याला लेस्टरचा अर्ल केले, जमिनी दिल्या, सेनापतिपद दिले, आणि लग्नाचा विषय निघाला की हसून दुसरे काही बोलू लागे. अखेर १५७८ साली रॉबर्टने एका सरदाराच्या विधवेशी गुपचूप लग्न लावले. ते कळल्यावर राणीने त्या बाईला दरबारबंदी केली.